दीड लाखात उत्तम कार्ट्रिज: एलपीच्या शेवटच्या चार मिनिटांसाठी कोणते घ्यावे?

पहिली_मैफल

नमस्कार मंडळी. माझ्याकडे गेली चार वर्षे टेक्निक्सचे एसएल-१२००जीआर टर्नटेबल असून त्यावर ऑर्टोफॉनचे २एम ब्लू हे कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचे विद्युतसंकेत करणारा भाग) आहे. वडिलांनी जमवलेल्या आणि मी भर घातलेल्या मिळून चारशेच्या आसपास एलपी घरात आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक हिंदुस्थानी गायन-वादनाच्या, काही नाट्यसंगीताच्या आणि उरलेल्या चित्रपटसंगीताच्या व थोड्या जॅझच्या आहेत. माझी तक्रार एकच आहे. बाजू सुरू होते तेव्हा आवाज भरदार आणि स्वच्छ असतो. पण शेवटच्या चार-पाच मिनिटांत, म्हणजे नेमकी द्रुत बंदिश रंगात येते तेव्हा, तानांना खरखरीत कड येते, ‘स’ आणि ‘श’ फिसकारतात आणि सतारीचा ‘झाला’ (वादनाच्या शेवटचा द्रुत भाग) काच खरवडल्यासारखा वाटतो.

निवृत्तीच्या निमित्ताने मी दीड लाख रुपये या कामासाठी बाजूला काढले आहेत. दुकानदाराने तीन नावे सुचवली आहेत: डेनॉन डीएल-१०३आर, हाना एमएल आणि ऑर्टोफॉन २एम ब्लॅक. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला फक्त मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठीचे (ज्यात सुईबरोबर चुंबक हलते) फोनो इनपुट, म्हणजे टर्नटेबल जोडायची जागा, आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

जुना_श्रोता

खिशात हात घालण्याआधी दुखणे काय आहे ते पाहू, कारण तुम्ही सांगितलेले लक्षण कार्ट्रिजच्या किमतीशी नाही तर चराच्या (तबकडीवरच्या बारीक खाचेच्या) भूमितीशी जोडलेले आहे.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला, केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर, चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१० मिलिमीटर वेगाने सरकते. आत ६० मिलिमीटरवर पोहोचेपर्यंत हाच वेग २१० मिलिमीटरपर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या एका लहरीला बाहेर ५१ मायक्रॉन लांबीची जागा मिळते आणि आत जेमतेम २१ मायक्रॉन. पोस्टकार्ड संपत आले की आपण अक्षर बारीक करून कडेकडेने मजकूर कोंबायचो, तसाच हा प्रकार आहे. आता आपल्या संगीताची मांडणी पाहा: संथ विलंबित ख्याल बाहेरच्या प्रशस्त चरांत जातो आणि तानांची बरसात, झाला, तराणा हे सगळे आतल्या दाटीत येते. पॉपची तबकडी काढणारे शेवटी एखादे मंद गाणे टाकून सुटतात. ख्यालाला ती सोय नाही.

त्यामुळे आपल्यासारख्यांनी कार्ट्रिज निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो हिऱ्याच्या टोकाचा आकार कोणता, हा. गोल, म्हणजे शंक्वाकार टोकाची त्रिज्या १६-१७ मायक्रॉन असते, आणि २१ मायक्रॉनच्या लहरीत ते टोक नीट उतरतच नाही, वरच्यावर घसरत जाते. तुमच्या २एम ब्लूचे लंबगोल टोक बाजूने ८ मायक्रॉनचे आहे. शिबाटा टोक ६ मायक्रॉनचे असते, आणि मायक्रोलाइन प्रकारात ही त्रिज्या ३ मायक्रॉनच्या आसपास येते. हे शेवटचे दोन आकार उभ्या दिशेने चराच्या भिंतीला लांब रेघेसारखे टेकतात, म्हणून एका बिंदूवर भार येत नाही आणि सुईही अधिक टिकते.

मात्र त्याआधी एक मोजमाप कराच. हेडशेल (आर्मच्या, म्हणजे सुई वाहणाऱ्या दांड्याच्या, टोकाचा सुटा भाग) काढा आणि त्याच्या मागच्या रबरी कडीपासून सुईच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून इथे लिहा. टेक्निक्सच्या आर्मसाठी ते ५२ मिलिमीटर असायला हवे.

खर्ज_सप्तक

श्रोतेसाहेबांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. माझ्याकडे गेली अकरा वर्षे डीएल-१०३ आहे आणि ते मी सोडणार नाही. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसोबत १९६२ मध्ये विकसित झालेले हे कार्ट्रिज आजही बनते आहे, यातच काय ते आले. रोज तासन्‌तास वाजवायचे, कुणीही हाताळायचे, आणि सकाळच्या पाळीत जसे वाजले तसेच रात्रीच्या पाळीत वाजले पाहिजे, अशा कामासाठी ते घडवले गेले. त्यातून तबल्याचा बायाँ असा वाजतो की तळव्याचा दाब कळतो, आणि आवाजाला जे वजन येते ते मला दुप्पट किमतीच्या कार्ट्रिजांतही मिळालेले नाही. मायक्रोलाइनवाले लोक तपशील मोजत बसतात. मी गाणे ऐकतो.

जुना_श्रोता

खर्जराव, १०३ चे गुण मलाही मान्य आहेत. माझ्याकडेही ते होते आणि बायाँबद्दल तुम्ही लिहिलेले अक्षरन्‌अक्षर खरे आहे. पण धागाकर्त्यांची तक्रार शेवटच्या चार मिनिटांची आहे, आणि १०३ चे टोक शंक्वाकार आहे, १६.५ मायक्रॉनचे. १०३आर मध्ये कॉइलची तार अधिक शुद्ध तांब्याची असते, अंतर्गत रोध ४० ओहमवरून १४ ओहमवर येतो, आउटपुट ०.३ वरून ०.२५ मिलिव्होल्टवर येते. टोक मात्र तेच राहते. डोकेदुखीवर गुडघ्याला लेप लावण्यासारखे होईल ते. शिवाय ते कडक, म्हणजे सुई सहज न लवणारे, कार्ट्रिज आहे. १२ ग्रॅमच्या आर्मवर चालते, पण जड हेडशेल दिले तरच खुलते.

सोल्डरगन

विजेच्या बाजूने थोडे लिहितो, कारण ‘कार्ट्रिजसाठी दीड लाख’ या हिशेबात फोनो स्टेजचा (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या उपकरणाचा) विसर पडलेला दिसतो.

२एम ब्लूचे आउटपुट ५.५ मिलिव्होल्ट आहे. मूव्हिंग मॅग्नेटच्या फोनो इनपुटला साधारण ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट, वर्धन असते, ५.५ मिलिव्होल्टचे ५५० होतात आणि अ‍ॅम्प्लिफायर खूश असतो. हाना एमएल हे मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी तारेची कॉइल हलणारे) कार्ट्रिज असून त्याचे आउटपुट ०.४ मिलिव्होल्ट आहे. तेच इनपुट त्याचे फक्त ४० मिलिव्होल्ट करील. मग तुम्ही आवाजाचे बटण तीन वाजेपर्यंत फिरवाल आणि तंबोऱ्याच्या जोडीला पंख्याच्या रेग्युलेटरचा गुणगुणाट ऐकाल. मूव्हिंग कॉइलला ६० डेसिबलच्या पुढचे, म्हणजे हजारपट, वर्धन लागते.

त्याचे दोन मार्ग आहेत. एक तर मूव्हिंग कॉइलची सोय असलेला वेगळा फोनो स्टेज घ्यावा, किंवा सध्याच्या इनपुटच्या आधी स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावावा. ट्रान्सफॉर्मरचा हिशेब लोक निम्माच करतात. १:१० चा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहापट करतो, पण पलीकडच्या फोनो इनपुटचा ४७ किलोओहमचा विद्युतभार कार्ट्रिजला शंभरपट लहान, म्हणजे ४७० ओहमचा, दिसतो. १:२० घेतला तर तोच भार ११७ ओहम होतो. अंतर्गत रोधाच्या दहापट भार हा ढोबळ नियम धरला, तर ८ ओहमच्या हाना एमएलला ११७ चालतील, पण ४० ओहमच्या मूळ डीएल-१०३ ला ते कमी पडतील आणि आवाज दबल्यासारखा होईल. जास्त पटीचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे जास्त चांगला, हा समज कृपया डोक्यातून काढावा.

दीड लाखातले निदान पस्तीस-चाळीस हजार फोनो स्टेजसाठी राखून ठेवा. नाहीतर २एम ब्लॅक घ्या, त्याला आहे तेच इनपुट चालते. मात्र ‘ब्लूच्या बॉडीवर ब्लॅकची सुई लावून टाकू’ असा सल्ला कुणी दिला तर तो अर्धाच खरा आहे. सुई बसते, पण याच २एम मालिकेतल्या ब्रॉन्झ आणि ब्लॅकची बॉडी आतून निराळी असते. ब्लूवर बदलायची ती रेड किंवा ब्लूचीच सुई.

पहिली_मैफल

श्रोतेसाहेब, मोजले आणि चकित झालो. अंतर ४९ मिलिमीटर आहे! विकत घेताना दुकानातल्या तंत्रज्ञाने कार्ट्रिज बसवून दिले होते आणि गेली चार वर्षे मी ते जसेच्या तसे वाजवतो आहे. खोक्यात पांढरा प्लास्टिकचा एक तुकडा होता, तो पॅकिंगचा भाग समजून मी माळ्यावर टाकला होता; तोच मोजपट्टीचा गेज निघाला.

जुना_श्रोता

आता तुमच्या तानांचे काय होत होते ते सांगतो. टोनआर्म एका टोकाला जखडलेला असल्यामुळे सुई चराला पूर्ण स्पर्शरेषेत असण्याच्या जागा तबकडीवर फक्त दोनच असतात. टेक्निक्सच्या ५२ मिलिमीटरच्या मांडणीत त्या केंद्रापासून सुमारे ५८.८ आणि ११३.५ मिलिमीटरवर येतात. तुमचे कार्ट्रिज ३ मिलिमीटर मागे असल्यामुळे आतली जागा सरकून ४१ मिलिमीटरवर, म्हणजे चक्क लेबलच्या कागदावर, गेली होती. ६० मिलिमीटरवर, जिथे द्रुत संपत येते, तिथे तुमची सुई जवळजवळ ३ अंश वाकडी चालत होती. ५२ वर आणल्यावर तिथली चूक अंशाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी होते.

स्क्रू सैल करा, गेज लावा, वजनकाट्यावर सुईचा १.८ ग्रॅम भार पुन्हा तपासा, आणि आठवडाभर तेच कार्ट्रिज ऐका. तोवर काही विकत घेऊ नका.

डोंबिवली_फास्ट

५२ ऐवजी बेअरवाल्डचा तक्ता (कार्ट्रिज जुळवण्याचा प्रचलित आराखडा) छापून त्यावर का बसवू नये? त्यात एकूण विकृती सर्वांत कमी येते असे सगळीकडे वाचले आहे.

जुना_श्रोता

‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बेअरवाल्डच्या मांडणीत शून्यबिंदू (सुई स्पर्शरेषेत असण्याच्या त्या दोन जागा) ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात, आणि चूक साऱ्या तबकडीवर न्याय्य वाटली जाते. टेक्निक्सची मांडणी आतल्या कडेला झुकते माप देते आणि मध्यभागी थोडी जास्त चूक पत्करते. ज्याला शेवटची चार मिनिटे छळतात त्याने कोणती निवडावी हे वेगळे सांगायला नको. शिवाय टेक्निक्सवर बेअरवाल्ड करायचे तर सुई आणखी जवळजवळ ३ मिलिमीटर पुढे न्यावी लागते आणि कार्ट्रिज हेडशेलमध्ये किंचित तिरपे बसवावे लागते. कारखान्याच्या मांडणीला नावे ठेवण्याची फॅशन आहे, पण इथे ती आपल्या बाजूची आहे.

स्वरलिपी

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक गोष्ट राहून गेली. धागाकर्त्यांच्या वडिलांच्या साठच्या दशकातल्या तबकड्या बहुतांशी मोनो असणार. एचएमव्हीच्या शास्त्रीय तबकड्यांवर ईएएलपीने सुरू होणारा क्रमांक असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. आमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची प्रसिद्ध एलपी मोनोच आहे. मोनोत सुई फक्त आडवी हलायला हवी. उभ्या दिशेने जे काही हलते तो सगळा कचरा, ओरखडे आणि खरखर असते. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबून पाहा, फुकटात निम्मा त्रास जातो. मोनोचे स्वतंत्र कार्ट्रिज घ्यावे का, हा त्यानंतरचा प्रश्न.

दुसरे म्हणजे धुणे. पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या घरात तबकड्यांच्या कागदी पाकिटांना बुरशी धरते, आणि ती चरात उतरली की कोणतेही कार्ट्रिज फिसकारते. डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि द्रव साबणाचा एखादा थेंब घालून मऊ ब्रशने चराच्या दिशेने धुवावे, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून उभे वाळवावे. हे विनाइलच्या एलपीसाठी आहे. जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, त्यामुळे त्यांना ते लावू नये. त्यांना ही सुईही चालत नाही, तिथे चौपट रुंद टोक लागते.

आणि एक इशारा. मायक्रोलाइन टोकाचे कार्ट्रिज अनेकदा बोरॉनच्या कँटिलिव्हरवर (टोक धरणाऱ्या दांड्यावर) येते. बोरॉनचा तो दांडा केसासारखा बारीक आणि काचेसारखा ठिसूळ असतो. अ‍ॅल्युमिनियमचा निदान वाकतो तरी. माझे पहिले महागडे कार्ट्रिज माझ्याच ओढणीच्या जरीने गेले. तबकडी उलटायला वाकले, काठ अडकला, ‘टक्’ असा अगदी लहानसा आवाज झाला. सुईचे झाकण, म्हणजे गार्ड, काढल्याशिवाय वाजवू नये आणि घातल्याशिवाय उठू नये.

बे_एरिया_बापू

स्वरलिपीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. मूव्हिंग मॅग्नेटची सुई हाताने ओढून काढता येते आणि नवी बसवता येते. मूव्हिंग कॉइलची झिजली तर अख्खे कार्ट्रिज परत पाठवून नवे घ्यावे लागते किंवा कारागिराकडून नवे टोक बसवून घ्यावे लागते. ऑडिओ-टेक्निका स्वतः लंबगोल टोकाला ३०० तास, शंक्वाकाराला ५००, शिबाटाला ८०० आणि मायक्रोलाइनला १,००० तास देते. रोज एक तास ऐकणाऱ्याला हजार तास म्हणजे पावणेतीन वर्षे. म्हणजे दर तीन वर्षांनी हा खर्च पुन्हा येणार, हे धरूनच अंदाजपत्रक करावे.

याच कारणासाठी मी चौथे नाव सुचवतो: ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम७४०एमएल. ते मूव्हिंग मॅग्नेट आहे, आउटपुट ४ मिलिव्होल्ट, टोक मायक्रोलाइन, आणि सुई बदलता येते. उरलेल्या पैशांत तबकड्या धुण्याचे यंत्र येईल. आमच्याकडून, म्हणजे अमेरिकेतून, येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून कार्ट्रिज मागवण्याचा मोह होईल, पण हमी बहुधा ज्या देशात घेतले त्या देशापुरती असते, आणि कस्टमच्या खिडकीपुढे भाच्याने काय सांगायचे हा प्रश्न वेगळाच.

खर्ज_सप्तक

बापूंचा सल्ला व्यवहारी आहे, पण धागाकर्त्यांनी आयुष्यात एकदा पैसे काढले आहेत. त्यांना मूव्हिंग कॉइल ऐकू तर द्या! पुण्यात असाल तर माझ्याकडे या. माझ्याकडे १०३ आहे आणि शेजारी राहणाऱ्या मित्राकडे हाना एमएल आहे. तुमचीच तबकडी घेऊन या.

पहिली_मैफल

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व.

कार्ट्रिज ५२ मिलिमीटरवर आणल्यावर फिसकारणे माझ्या अंदाजाने निम्म्याहून कमी झाले. ज्या स्टिरिओ तबकड्या मी स्वतः नव्या घेतल्या होत्या त्या तर जवळजवळ निर्दोष वाजू लागल्या. चार वर्षे मी तबकड्यांना, कधी गायकांच्या वयालासुद्धा दोष देत होतो याची लाज वाटली. वडिलांच्या तबकड्यांचा त्रास मात्र शिल्लक राहिला, तो धुतल्यावर थोडा आणि मोनोच्या बटणाने आणखी थोडा कमी झाला.

त्यानंतर खर्जरावांकडे गेलो. त्यांनी चहापोह्यांसह पाच तास दिले, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार. मी एकच बाजू घेऊन गेलो होतो, वडिलांची सतारीची एलपी, आणि प्रत्येक वेळी फक्त शेवटची पाच मिनिटे लावत होतो. १०३ वर खर्जाची तार आणि तबला यांनी खोली भरून गेली, मी मान डोलावत होतो. पण झाला सुरू झाल्यावर चिकारीच्या (लयीसाठी छेडायच्या बाजूच्या) तारा एकमेकींत मिसळून त्यांचा एकच झणत्कार झाला. हाना एमएलवर बायाँचे वजन तितके नव्हते. पण चिकारीचा प्रत्येक आघात सुटा होता, आणि दोन आघातांच्या मधे तरफेच्या (न छेडता झंकारणाऱ्या) तारांची जी हलकी गुंजन राहते ती मला त्या तबकडीवर आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आली. खर्जराव काही बोलले नाहीत. त्यांनी सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवली.

तरीही सगळेच गोड नव्हते, तेही सांगायला हवे. दुसऱ्या बाजूवर एके ठिकाणी हानाने उलट अधिक खरखर काढली. श्रोतेसाहेबांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी सांगितले की बारीक टोक भिंतीच्या खोलवर भागाला टेकते. तिथे भिंत शाबूत असेल तर जुन्या सुयांनी वर केलेली झीज ते चुकवते, पण जिथे एखाद्या जड, बोथट सुईने भिंत तळापर्यंत तासली असेल तिथे ते ती जखमही तितक्याच प्रामाणिकपणे वाजवते. वडिलांच्या पोर्टेबल प्लेयरची सुई वर्षानुवर्षे बदलली गेली नव्हती, हे मला आठवते.

निर्णय असा झाला. हाना एमएल घेतले आणि ६० डेसिबल वर्धन व १०० ओहम भाराची सोय असलेला एक साधा फोनो स्टेज घेतला. दोन्ही मिळून ठरवलेल्या रकमेच्या थोडे वर गेले, सौ.ना आकडा सांगितला आहे, त्यावर धाग्यात चर्चा नको. सोल्डरगन यांच्या सांगण्यावरून आर्मचा हिशेबही करून घेतला: १२ ग्रॅमचा आर्म, ९.५ ग्रॅमचे कार्ट्रिज आणि ग्रॅमभर स्क्रू धरून अनुनाद (आर्म-कार्ट्रिजची स्वाभाविक कंपनसंख्या) साडेसात ते साडेआठ हर्ट्झच्या दरम्यान येतो. खालच्या बाजूला आहे, पण त्यांच्या मते वाकड्या तबकड्या सोडल्या तर चालेल. २एम ब्लू विकले नाही. ते दुसऱ्या हेडशेलवर ५२ मिलिमीटरवर बसवून ठेवले आहे आणि तासलेल्या तबकड्यांच्या पाकिटांवर पेन्सिलने ‘ब्लू’ असे लिहायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत साठ तबकड्या तपासल्या, त्यांत अकरा ‘ब्लू’ निघाल्या.

एक प्रश्न उरला आहे. हेडशेल बदलले की दर वेळी आर्मची उंचीही बदलावी लागते का, की दोन्ही कार्ट्रिजांखाली पातळ पट्टी घालून ती एकदाच जुळवून ठेवता येईल?

सोल्डरगन

जुळवता येईल. दोन्हींची उंची व्हर्नियरने मोजा, जे बुटके असेल त्याच्या आणि हेडशेलच्या मधे फरकाइतकी पट्टी घाला, आणि स्क्रू तेवढे लांब घ्या. भार मात्र दर वेळी काट्यावर पाहावाच लागेल: हानाला २ ग्रॅम, ब्लूला १.८.